ताईचं मधलं प्यादं

५ नोव्हेंबर

ताई,

चालीशिवाय एक शब्द लिहायचा नाही असं आपलं काही ठरलं नव्हतं. मी कार्डावर नुसती पहिली चाल लिहून पाठवली, तू नुसती उत्तराची चाल पाठवलीस, आणि तेव्हापासून आपण दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलोय. आज मी ती थुंकतो. कारण तू प्यादं मारलंस.

कार्ड जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसलो. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर उतरत होते. म्हणाले, "काय हो, चक्कर आली का?" मी म्हटलं, "बहिणीचं पत्र आलंय." ते म्हणाले, "मग बरोबर आहे," आणि काठी टेकत निघून गेले.

चक्करच यायची बाकी होती. या कार्डापर्यंत पटाच्या मधोमध माझं एक प्यादं आणि तुझं एक, एकमेकांच्या तिरक्या रेषेत, नाकाला नाक लावून उभी होती. तू माझं मारू शकतेस, मी तुझं. मी पुढे सरकून वाट बंद करू शकतो. किंवा दोघांनीही काही न करता तो ताण तसाच ठेवायचा. बाबा कापायच्या टेबलावर खडूचा तुकडा आपटत सांगायचे, "मारलेलं प्यादं म्हणजे कापलेलं कापड. परत जोडता येत नाही. हात थांबवा." माझा हात कधी थांबला नाही. तुझा थांबायचा. मोठी माणसं दुकानात माप द्यायला यायची, तुझा पट बघायची आणि अस्वस्थ व्हायची. "अगं मार की," म्हणायची. तू शिवणाचं पितळी अंगुस्तान घातलेलं बोट टेबलावर टक टक करायचीस आणि दुसरीच सोंगटी हलवायचीस. शेवटी समोरचाच कंटाळून काहीतरी करायचा आणि तुझ्या हातात सापडायचा.

तू आपणहून मधलं प्यादं मारलेलं मी जन्मात एकदाच पाहिलंय. निवडीच्या डावात.

तू काही विसरलेली नाहीस, मला माहीत आहे. तरी लिहितो, कारण हे कधी कुणाला सांगता आलं नाही. बुद्धिबळाच्या प्रशिक्षण केंद्रात एकच जागा होती. शेवटी उरलो आपण दोघं, एकाच टेबलावर शिकलेले, आदल्या रात्री एकाच ताटलीत बिस्किटं बुडवून खाल्लेले. पांढऱ्या माझ्या, काळ्या तुझ्या. मध्ये हाच ताण. आणि तू मारलंस. मी प्याद्याने मारून परत घेतलं, मधला सगळा भाग माझ्या ताब्यात आला, आणि मग तुला डोकं वर काढता आलं नाही. मी केंद्रात गेलो. तू शिलाईच्या यंत्रावर बसलीस. मी त्या डावाची गोष्ट पुढे शंभर पोरांना सांगितली असेल, फुशारक्या मारत.

मग बाबा दवाखान्यात पडले आणि शेवटच्या दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "तो डाव तिने सोडला होता रे. मीच सांगितलं होतं. दुकानाला तिचा हात हवा होता."

मी तसाच दुकानात आलो. तू सुईत दोरा ओवत होतीस.

"डाव सोडलास?"

"हो. मग?"

"मग काय मग? माझं सगळं आयुष्य त्या डावावर उभं आहे."

"उभं आहे ना? मग झालं तर."

भाऊजी बिचारे मध्ये पडले, "अरे, आज तरी नको." मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तुमच्या लिफ्ट दुरुस्त करा." तेव्हा कुठे तू मान वर केलीस. म्हणालीस, "एवढी वर्षं शिकवतोस, आणि तुला एकदाही दिसलं नाही? मी ते प्यादं मारलं तेव्हाच दिसायला हवं होतं."

तेच मला झोंबलं. मी बॅग उचलली, ती आजतागायत खाली ठेवली नाही.

पुढे बऱ्याच काळाने मी तुला कार्ड पाठवलं. पहिली चाल तीच, निवडीच्या डावातली. तू ओळखलंस. तूही तीच उत्तरं दिलीस, एकेक चाल जशीच्या तशी, पुन्हा त्याच जागी येईपर्यंत. तिथे मी श्वास रोखून तुझ्या कार्डाची वाट पाहिली, आणि तू मारलं नाहीस. ताई, त्या दिवशी मी इथल्या खोलीत नाचलो होतो. म्हटलं, आता खरा डाव सुरू झाला. आता कळेल मी माझ्या पायावर उभा आहे की तुझ्या.

आणि आता पुन्हा तेच? पुन्हा भीक? कोणी सांगितलं या वेळी? सांगायला बाबा तर नाहीत.

मी उलट चाल पाठवणार नाही. आधी उत्तर हवं.

— तुझा धाकटा


१९ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. रागावलीस का? रागवायचा हक्क माझा आहे, तो तरी मला ठेव.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, हात घालून काढून घ्यावं. पण हात लावला की चाल, हा आपल्या घरातला नियम.

आज जरा शांतपणे लिहितो. मला तुझ्या हत्तीबद्दल बोलायचंय. उन्हाळ्यापासून तू काय केलंस? हत्ती एक घर डावीकडे. पुढच्या कार्डात परत जागेवर. मग पुन्हा डावीकडे. पुन्हा जागेवर. पहिल्यांदा मला वाटलं, चुकलीस. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा मी पटासमोरून उठलोच नाही. मधला ताण तसाच, मी माझे घोडे, वजीर सगळं जमवून आणलेलं, आणि तू नुसती येरझाऱ्या घालतेस! माणूस कधी असं करतो? जेव्हा त्याला समोरच्याच्या सगळ्या चाली दिसलेल्या असतात तेव्हा. मी रात्रंदिवस शोधलं, माझा हल्ला कुठे फसतो ते. सापडलं नाही. पण तू एवढी निवांत आहेस म्हणजे तो फसतोच, अशी खात्री पटली. म्हणून मग मीही उंट एक घर मागे घेतला, पुन्हा पुढे आणला. तू हत्ती हलव, मी उंट हलवतो. आपण दोघं त्या दोन प्याद्यांभोवती पायात चपला न घालता फिरत होतो, जणू कोणी झोपलंय.

मी शिकवतो त्या क्लबमध्ये ती स्थिती मोठ्या पटावर लावली. वर्गाला सांगितलं, बघा, याला म्हणतात ताण सांभाळणं. माझी बहीण आहे ही. पहिल्यांदाच बोललो मी वर्गात तुझ्याबद्दल. एक मुलगी म्हणाली, "सर, पण त्या काहीच करत नाहीयेत." मी तिला म्हटलं, "काही न करायला काय लागतं ते तुला पन्नाशीत कळेल."

आता एक सांगतो, हसू नकोस. आपला पट मी खिडकीजवळच्या टेबलावर कायम मांडून ठेवतो. समोर एक रिकामी खुर्ची. तुझे घोडे मी तुझ्या पद्धतीने ठेवतो, तोंड मागे, स्वतःच्या राजाकडे. आठवतं? मी चिडवायचो की तुझे घोडे लढाईला पाठ करून उभे आहेत, आणि तू म्हणायचीस, "असू दे. त्यांना घरची माणसं दिसलेली बरी." तर उन्हाळ्यात एका सकाळी उठून पाहतो तो तुझा डावीकडचा घोडा वळलेला. तोंड माझ्याकडे.

कामवाल्या बाईंना विचारलं. त्या फडकं आपटून म्हणाल्या, "मी नाही बाई हात लावत त्या तुमच्या भुतावळीला. धूळसुद्धा पुसत नाही मी तिथली, बघा हवं तर." पाहिलं. खरंच धूळ होती. घोड्याच्या बुडाखाली तेवढी गोल जागा स्वच्छ, आणि घोडा बरोबर तिच्यावर उभा. म्हणजे उचलला नव्हता कोणी. जागच्या जागी फिरला होता.

मी तो परत वळवला नाही. का ते माहीत नाही. तसाच आहे, बघतोय माझ्याकडे.

आणि दुपारी टक टक ऐकू येतं. नळ तपासले, खिडकीची कडी तपासली. लाकडावर धातू वाजल्यासारखं, दोनदा, मग थांबतं. तू विचार करताना जसं करायचीस तसंच. पहिल्यांदा भीती वाटली, आता वाटत नाही. आता ते थांबलं की भीती वाटते.

तू मारलंस ते मला काही सांगायला मारलंस का? दमलीस का? डोळे त्रास देतात का शिलाईने? भीक म्हणालो ते मागे घेतो. फक्त एक शब्द लिही. चाल नको.

— धाकटा


८ डिसेंबर

ताई,

कार्ड आलं. त्यावर एवढंच, "तुझी चाल राहिली आहे."

चार शब्द. मी एक मागितला, तू चार दिलेस, मी खूश व्हायला हवं होतं. पण कार्डाच्या कडेला काळा अंगठा उमटलाय, वंगणाचा. आधीच्या कार्डांवरही असे डाग होते. मी समजायचो, भाऊजी कामावर जाताना पेटीत टाकतात, म्हणून. पण हा अंगठा अक्षरांच्या खाली आहे, ताई. आधी अंगठा, वरून शाई. टाकणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे.

मग मी बसून सगळी कार्डं जमिनीवर पसरली. तू कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने लिहायचीस, टोक ओलं करून, त्यामुळे पहिलं अक्षर नेहमी गडद. हत्ती हलायला लागला तिथून पेन. पेन्सिल संपली असेल, असं मी मोठ्याने म्हटलं, रिकाम्या खोलीत. अक्षरही जरा बसकं वाटतं, हात दुखत असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी शिक्षक आहे ना, चुकीच्या चालीलाही पंधरा कारणं देऊ शकतो.

तुला खरं सांगू? हे मला आज दिसलं असं नाही. कार्डं येत होती तेव्हाही डोळ्यांपुढे होतं. पण हत्ती येत होता, पुन्हा जात होता, ताण तसाच होता, आणि माझी बहीण तिकडे अंगुस्तान वाजवत बसली होती. मला एवढं पुरत होतं. मी कशाला विचारू?

हे पत्र तुझ्या नावाने लिहितोय, पण पाकिटावर भाऊजींचं नाव घालतो. हे तू उघडलंस तर मला वेड्यात काढ. मला पाहिजे तेवढ्या शिव्या दे.

भाऊजी, हे तुम्ही उघडलं असेल, तर क्लबचा फोन नंबर खाली लिहिलाय. दुपारी मी तिथेच असतो. त्या दिवशी लिफ्टवरून बोललो त्याची लाज वाटते. फोन करा.


२२ डिसेंबर

भाऊजी,

फोनवर मला नीट बोलता आलं नाही. तुम्ही "ती गेली रे" म्हणालात, आणि मी काय विचारलं तर, "कितव्या चालीला?" तुम्हाला ते विचित्र वाटलं असेल. मलाही वाटलं. पण तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "हत्ती पहिल्यांदा हलला ना, तो तिने सांगितलेला. दुसऱ्यांदा हलवला तो मी."

आता घरी येऊन बसलोय आणि तुमचं एकेक वाक्य परत ऐकतोय. तुम्ही सांगितलंत ते मला बरोबर कळलं का, हे लिहून पाहतो. चुकलं तर सांगा.

ताई उन्हाळ्यात गेली. आजारपण फार लांबलं नाही. मला कळवू का, असं तुम्ही तिला दोनदा विचारलंत. ती म्हणाली, "नको. तो धावत येईल, आणि डाव अर्धा राहील. मग जन्मभर म्हणेल, ताई मेली म्हणून मी जिंकलो. एकदा फुकट दिलंय त्याला, पुन्हा द्यायचं नाही."

मग तुम्ही म्हणालात, "अगं पण मला कुठे खेळता येतं?" त्यावर ती म्हणाली, "खेळायचं नाहीच. हा हत्ती एकदा इकडे, एकदा तिकडे. लिफ्टसारखा. त्याला काय वाटायचं ते वाटू दे. ते मधलं प्यादं तेवढं मारू नका, काही झालं तरी."

हे तुम्ही सांगत असताना मला हसू आलं, ते तुम्ही ऐकलंत. माफ करा. पण भाऊजी, मी तुमचा हत्ती वर्गात शिकवला हो! तुम्ही गिऱ्हाइकाच्या इमारतीतून दमून यायचात, हात न धुता कार्ड लिहायचात, आणि इकडे मी त्यात काय काय पाहत होतो. समोर दुनियेतला सगळ्यात धीराचा खेळाडू बसलाय, असं समजून मी उंट मागे घेत होतो. मी पुढे सरसावलो असतो तर दोन चालींत तुमचा राजा उघडा पडला असता. मी सरसावलो नाही. ती नव्हती, आणि तरी तिनेच मला थोपवून धरलं होतं.

मग मी विचारलं, "मारलंत का शेवटी?" तेव्हा फोनमधून टक टक ऐकू आलं. विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तिचं अंगुस्तान आहे. हल्ली बोटात असतंच माझ्या. दुपारी बसतो इथे पटासमोर, काही सुचत नाही, मग वाजवतो."

मी इथे ऐकतो ते, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो. ऐकतो.

आणि मग तुम्ही म्हणालात, "दमलो रे. तिच्या नावाने किती दिवस लिहायचं? हत्ती हलवला की वाटायचं, ती आत यंत्रावर बसलीय आणि बाहेर येऊन बघणार आहे, बरोबर हलवला का. दार वाजलं की मी पटावरून हात काढायचो. एक दिवस असह्य झालं. मला एकच गोष्ट येते, प्यादं तिरकं मारतं, लग्नानंतर तिने शिकवलेली. तेवढी केली. म्हटलं, तू तरी येशील भांडायला."

भाऊजी, तुम्ही बरोबर केलंत. मला तुमचा जरासुद्धा राग नाही. मी पत्रात तिला भीक म्हणालो, ते तुम्ही वाचलंत, त्याचं मात्र मला फार वाईट वाटतं. ते तुम्हाला वाचावं लागलं.

शेवटचं मी विचारलं ते तुम्हाला आठवत असेल. "तिला काय वाटत होतं, कोण जिंकत होतं?" मला दुसरं काही विचारायचं नव्हतं खरं तर, हा डाव चालला ती तीन वर्षं. तुम्ही म्हणालात, "ते काही बोलली नाही. शेवटी शेवटी खाटेवरून पट दिसेल असा ठेवायला लावायची. बघायची आणि हसायची."

कशाला हसायची? पांढऱ्यांना हसायची की काळ्यांना? मी दोन दिवस आमच्या पटासमोर बसून तिचं हसणं शोधतोय. माझ्या बाजूने दिसत नाही. काल शेवटी उठून पलीकडे गेलो, रिकाम्या खुर्चीत बसायला. बसवेना. तिथे कुणीतरी आहे असं वाटून मी खुर्चीला धक्का न लावता परत आलो, आणि वळलेला घोडा माझ्याकडे बघत राहिला.

म्हणून मी येतोय. तुमच्याकडे, खऱ्या पटाकडे. ती जिथून बघायची त्या खाटेवर मला बसू द्या. तुम्ही पांढऱ्यांच्या बाजूला बसा. मी तुम्हाला घोडा कसा चालतो ते शिकवीन, हळूहळू, घाई नाही. मला तिच्या बाजूने बघायचंय. मी हरत होतो असं तिथून दिसलं, तर दिसू दे. माझं आयुष्य मला तिने दिलंय, हे तर आता ठरलंच आहे. तिला त्याचं ओझं वाटत होतं की नाही, एवढंच बघायचंय.

पण त्याआधी एक काम करा. हात लावला की चाल, हा बाबांचा नियम मी उभ्या आयुष्यात मोडला नाही, आणि माझ्या हाताखालच्या एकाही पोराला मोडू दिला नाही. कापलेलं परत जोडता येत नाही म्हणायचे. आणि स्वतः शिंपी! दिवसभर दुसरं करत काय होते?

तिचं काळं प्यादं उचला आणि मारण्याआधी होतं त्या घरात परत ठेवा. माझं पांढरं पेटीतून काढा आणि त्याच्या समोर, तिरकं, जिथे होतं तिथे ठेवा. ती दोघं पुन्हा नाकाला नाक लावून उभी राहू देत.

ठेवलीत की चाल ताईची आहे. हत्ती हलवा.